फुटलेल्या साइट पुन्हा एकत्र करताना: रीडायरेक्टविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासिकं, ग्रंथालयं, छोटे प्रकाशक आणि एकेकटे ब्लॉगर यांच्या साइट सांभाळणं हा माझा रोजचा उद्योग. एके काळी ज्याला त्याला वेगळी चूल हवी होती: ब्लॉग एका सबडोमेनवर (मुख्य डोमेनच्या आधी आणखी एक नाव जोडून केलेल्या पत्त्यावर), मोबाइल आवृत्ती दुसऱ्यावर, दिवाळी अंकाला स्वतंत्र डोमेन. आता तीच मंडळी "सगळं परत एका ठिकाणी आणा" म्हणतात. त्या कामात मेलवर आणि फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर) आणि अपाची सर्व्हरची (वाचकाला पानं पाठवणारं सॉफ्टवेअर) जास्त आहेत, कारण विचारणारे बहुतेक त्यावरच असतात.

१. रीडायरेक्ट टाकला म्हणजे नेमकं काय होतं?

ब्राउझर जुना पत्ता मागतो. सर्व्हर पान देण्याऐवजी एक तीन आकडी कोड पाठवतो आणि 'लोकेशन' नावाच्या हेडरमध्ये नवा पत्ता कळवतो. ब्राउझर मुकाट्याने तिकडे जातो. वाचकाला बहुतेकदा पत्ताही लागत नाही. म्हणजे जुन्या पत्त्यावर उत्तर द्यायला कुणीतरी जागं असावं लागतं. जुनं होस्टिंग बंद करून वर "रीडायरेक्ट चालत नाहीये" असा फोन मला दर दोन-तीन महिन्यांनी येतो.

२. ३०१ टाकू की ३०२? शिवाय ३०७ आणि ३०८ पण दिसतात.

पान कायमचं हललं असेल तर ३०१. तात्पुरतं हलवलं असेल, उद्या परत आणायचं असेल, तर ३०२. साइट एकत्र करताना जवळजवळ सगळीकडे ३०१ लागतो. ३०७ आणि ३०८ ही अनुक्रमे ३०२ आणि ३०१ ची कडक भावंडं. फरक फॉर्म भरताना कळतो. वाचकाने वर्गणीचा फॉर्म जुन्या पत्त्यावर पाठवला आणि तिथे ३०१ असला, तर ब्राउझर नव्या पत्त्यावर साधी पानाची मागणी करतो आणि भरलेली माहिती वाटेत गळते. ३०८ मध्ये ती तशीच पुढे जाते.

पेमेंट गेटवे 'पैसे मिळाले' हा निरोप तुमच्या साइटच्या ज्या पत्त्यावर पाठवतो, त्याबाबत मात्र कुठल्याच कोडवर विसंबू नका. गेटवेच्या खात्यात जाऊन पत्ता हाताने बदला.

३. हे डोमेनच्या डीएनएसमध्येच करता येत नाही का?

नाही. डीएनएस फक्त नावावरून सर्व्हर कुठे आहे ते सांगतं, पानांशी त्याचा संबंध नसतो. डोमेन विकणारे 'फॉरवर्डिंग' म्हणून जे देतात, तेही पडद्यामागे एक छोटा वेब सर्व्हरच असतो. त्यातले बरेच सगळ्या पानांना एकाच पत्त्यावर ढकलतात. ते का नको, ते पुढच्याच उत्तरात.

४. सगळी जुनी पानं नव्या होमपेजवर पाठवली तर काम पाच मिनिटांत होईल ना?

काम होईल, वाचक जाईल. कुणीतरी पुरणपोळीच्या लेखाचा दुवा चुलतबहिणीला पाठवलेला असतो. ती दाबते आणि समोर येतं 'आमच्या संकेतस्थळावर आपले स्वागत आहे'. ती शोधत बसत नाही. गुगललाही ही चलाखी कळते: ज्या पानाचा जुन्या पानाशी संबंध नाही, तिथे पाठवलेला रीडायरेक्ट तो 'सॉफ्ट ४०४' धरतो, म्हणजे पान नसल्यासारखाच. जुन्या पानाने कमावलेलं सगळं त्यात बुडतं. प्रत्येक जुन्या पानाला त्याचंच नवं पान द्या. नसेल तर जवळचं, म्हणजे तो विषय, ते सदर किंवा तो अंक. तेही नसेल तर प्रश्न १२ पाहा.

५. जुन्या पत्त्यांची यादी कुठून आणायची? आमच्याकडे साइटमॅप आहे.

साइटमॅपमध्ये आज जी पानं आहेत ती असतात. लोकांनी दहा वर्षांत ज्या पत्त्यांचे दुवे दिले, ते त्यात असतीलच असं नाही. मी यादी चार-पाच ठिकाणांहून गोळा करून एका शीटमध्ये ओततो आणि दुबार ओळी काढतो. डेटाबेसमधून सगळे प्रकाशित लेख, पानं, विभाग, टॅग आणि लेखकांची पानं येतात. सर्च कॉन्सोलमध्ये (साइटवाल्यांना शोधाची माहिती देणारी गुगलची सेवा) गेल्या १६ महिन्यांत शोधातून उघडलेली पानं असतात; पण तिथून एका वेळी १००० ओळीच उतरतात, त्यामुळे विभागवार गाळून घ्या. वेबॅक मशीनमध्ये (जुन्या वेबपानांच्या प्रती साठवणारा संग्रह) डोमेनचं नाव टाकलं की त्यांनी कधीकाळी साठवलेले पत्ते मिळतात, विसरलेलेसुद्धा.

आणि सर्व्हरचे लॉग, म्हणजे कुठलं पान कधी मागितलं गेलं त्याच्या नोंदी. यादीतला सगळ्यात मोलाचा माल तिथे असतो आणि सगळ्यात आधी तोच पुसला जातो, कारण पुष्कळ होस्टिंगवाले लॉग थोडेच दिवस ठेवतात. एकत्र करायचं ठरलं त्याच दिवशी लॉग उतरवायला सुरुवात करा. एका मासिकाच्या कामात मी हे नंतर करू म्हणालो, तोवर जुनं खातं बंद झालं. पुढचे दोन महिने वाचकांच्या तक्रारींवरून एकेक पत्ता हुडकत बसलो. लॉगमध्ये जी पानं मागितली जातात आणि सापडत नाहीत, तीही यादीत घ्या. आधीच्या कुठल्यातरी स्थलांतरात तुटलेले दुवे दुरुस्त करायची ही आयती संधी असते.

शीटमध्ये तीन रकाने पुरतात: जुना पत्ता, नवा पत्ता, आणि हा नवा पत्ता का निवडला त्याचा एका ओळीतला शेरा. तिसरा रकाना लोक गाळतात आणि सहा महिन्यांनी स्वतःशीच भांडतात.

६. पूर्वी ब्लॉग मुख्य साइटमधून बाहेर काढला, तेव्हा इकडून तिकडे रीडायरेक्ट टाकले होते. आता परत आणायचाय. जुने काढून उलटे टाकले की झालं?

साइट पुन्हा जोडताना सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रश्न हाच. सर्व्हरपुरतं झालं. वाचकाच्या ब्राउझरचं काय?

समजा पूर्वी लेख मुख्य साइटच्या 'ब्लॉग' फोल्डरमध्ये होते. मग ते सबडोमेनवर गेले आणि फोल्डरवरून तिकडे ३०१ लागला. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो. 'कायमचं' असं तुम्हीच सांगितलेलं असतं, तो पुन्हा सर्व्हरला विचारायच्या भानगडीत पडत नाही. आता तुम्ही सबडोमेनवरून परत त्याच फोल्डरकडे ३०१ टाकता. नेहमीचा वाचक सबडोमेनचा दुवा उघडतो. सर्व्हर म्हणतो फोल्डरकडे जा. ब्राउझर म्हणतो, फोल्डर? तो तर सबडोमेनवर हललाय, मला ठाऊक आहे. पुन्हा सबडोमेन, पुन्हा फोल्डर. क्रोम अशा २० उड्या मारून थांबतो आणि फार वेळा रीडायरेक्ट झाल्याची चूक दाखवतो. तुमच्या मशीनवर सगळं सुरळीत, नव्या वाचकालाही सुरळीत. गोल गोल फिरतो तो फक्त तुमचा सगळ्यात जुना, निष्ठावान वाचक. तो कळवतो, तुम्ही उघडून बघता, तुम्हाला चालतं, आणि तुम्ही त्यालाच "कॅशे साफ करा" म्हणता.

वाचकाच्या ब्राउझरमधली आठवण तुम्हाला दुरून पुसता येत नाही. म्हणून माझा सल्ला: परत आणताना जुन्याच पत्त्यावर आणू नका. पूर्वी 'ब्लॉग' फोल्डर होता ना, आता 'लेख' फोल्डर करा. मग जुना लक्षात ठेवलेला रीडायरेक्ट वाचकाला सबडोमेनवर नेईल, सबडोमेन 'लेख'कडे नेईल आणि साखळी तिथे संपेल. सर्व्हरवर मात्र 'ब्लॉग' फोल्डरवरून सबडोमेनकडे जाणारा जुना नियम काढून थेट 'लेख'कडे वळवा.

तोच पत्ता परत हवा असा हट्टच असेल, तर आधी काही महिने जुना ३०१ बदलून ३०२ ठेवा आणि मगच उलटा नियम लावा. याने नवे वाचक तरी अडकत नाहीत. ज्यांच्याकडे आधीच साठलंय त्यांची खात्री नाही. मोबाइलच्या सबडोमेनलाही हेच लागू. फोन ओळखून तिकडे पाठवणारा नियम मुख्य साइटवर जिवंत राहिला, तर एकत्र केल्या दिवशीच चक्र सुरू होतं. तो नियम कधी साइटच्या फाइलमध्ये, कधी प्लगइनमध्ये, तर कधी सीडीएनच्या (साइटच्या प्रती वाचकाच्या जवळून देणाऱ्या सेवेच्या) सेटिंगमध्ये दडलेला असतो. तिन्ही ठिकाणं बघा.

७. दोन्ही साइटवर 'आमच्याविषयी', 'संपर्क' अशी पानं आहेत आणि काही लेखही दोन्हीकडे आहेत. कुठलं ठेवू?

'संपर्क'सारख्यांचा निकाल सोपा: एकच ठेवा, दुसरं तिकडे वळवा. लेखांच्या बाबतीत ज्या पत्त्यावर बाहेरून जास्त दुवे आणि वाचक येतात तो ठेवा, मग मजकूर कुठलाही चांगला असो. मजकूर हलवता येतो, लोकांनी दिलेले दुवे हलवता येत नाहीत. वाचकांच्या प्रतिक्रियाही दोन्हीकडच्या एकत्र करा.

खरा धोका वेगळे लेख आणि सारखा स्लग (पत्त्यातला लेखाच्या नावाचा भाग) यात असतो. दोन्ही साइटवर 'संपादकीय' नावाचा स्लग असला, तर आयात करताना वर्डप्रेस दुसऱ्याला गुपचूप शेवटी '-२' लावतं. तुमच्या शीटमध्ये तो '-२' नसतो. परिणामी एका अंकाचं संपादकीय मागणाऱ्याला दुसऱ्याच अंकाचं मिळतं, आणि कुठेही चूक दिसत नाही. म्हणून नवे पत्ते अंदाजाने लिहू नका. आयात पूर्ण झाल्यावर नव्या डेटाबेसमधून उतरवून शीटमध्ये भरा.

८. आमच्या लेखांचे पत्ते मराठीत आहेत. त्याने काही अडतं का?

अडतं, आणि तीन ठिकाणी अडतं.

पहिलं म्हणजे लांबी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची प्रचलित पद्धत) ३ बाइट घेतं, आणि पत्त्यात टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात लिहिलं की त्याची ९ अक्षरं होतात. वर्डप्रेस स्लग २०० अक्षरांवर कापतं, म्हणजे आपली जेमतेम २२ चिन्हं, त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलंत वेगवेगळे मोजून. 'महाराष्ट्रातील दुष्काळ आणि १९७२' असं शीर्षक द्या: 'महाराष्ट्रातील' १४ चिन्हं, 'दुष्काळ' ७, झाली २१, मधल्या दोन मोकळ्या जागांची दोन अक्षरं. पुढच्या 'आणि'मधला 'आ' बसतो आणि बरोबर २०० भरतात. स्लग उरतो 'महाराष्ट्रातील-दुष्काळ-आ'. 'महाराष्ट्रातील दुष्काळ आणि सरकार' या लेखाचंही तेच होतं, आणि पुन्हा '-२'चं प्रकरण (प्रश्न ७). वर्डप्रेसला एखादा पत्ता सापडला नाही, की ते तशीच सुरुवात असलेला लेख शोधून स्वतःच तिकडे पाठवतं. कापलेल्या मराठी स्लगांवर हा अंदाज हमखास चुकतो. स्थलांतराच्या काळात ही सोय बंद ठेवा.

दुसरं, एकच शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. 'दुसऱ्या'मधला अर्धा र कुणी नुक्त्याच्या ऱ ने काढतं, कुणी साध्या र ला हलंत देऊन मध्ये न दिसणारा जोडक घालून. डोळ्यांना फरक नाही, सर्व्हरला दोन वेगळे पत्ते. फॉन्ट रूपांतरातून आलेल्या जुन्या मजकुरात दोन्ही सापडतात. म्हणून पत्ता कधी टाइप करू नका, डेटाबेसमधून किंवा लॉगमधून उचला.

तिसरं अपाचीचं. रीराइट नियमाची (पत्ता वळवणाऱ्या ओळीची) डावी बाजू, म्हणजे जुना पत्ता, सांकेतिक रूप उलगडल्यानंतर जुळवली जाते, तेव्हा तिथे सरळ देवनागरीच लिहा आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा. उजव्या बाजूला लोक ब्राउझरमधून कॉपी केलेला टक्केचिन्हांचा पत्ता चिकटवतात आणि तिथे फसतात. 'क' चं सांकेतिक रूप टक्केचिन्ह आणि ९५ यांनी संपतं. अपाची टक्केचिन्ह आणि ९ मिळून 'आधीच्या अटीतला नववा तुकडा' असा अर्थ लावतो आणि ते गिळून टाकतो. टक्केचिन्हाआधी उलटी तिरकी रेघ हवी आणि नियमाला 'एनई' हा झेंडा (टक्केचिन्हं पुन्हा सांकेतिक करू नको, ही खूण) हवा. नाहीतर उजव्या बाजूलाही सरळ देवनागरी लिहून मोकळे व्हा, मी तेच करतो.

९. माझा जुना ब्लॉग ब्लॉगस्पॉटवर आहे. तोही नव्या साइटमध्ये घ्यायचाय. तिथे ३०१ कसा टाकू?

दुसऱ्या कुणाच्या डोमेनकडे पानागणिक ३०१ ब्लॉगर (ब्लॉगस्पॉट चालवणारी गुगलची सेवा) देत नाही. त्याच्या सेटिंगमधले 'कस्टम रीडायरेक्ट' त्याच ब्लॉगच्या आतल्या आत चालतात. पण एक वाट आहे. ब्लॉगला तुमच्या डोमेनचं एखादं सबडोमेन 'कस्टम डोमेन' म्हणून जोडा. ब्लॉगस्पॉटचा पत्ता मग पानागणिक त्या सबडोमेनकडे वळतो. हे स्थिरावलं की सबडोमेनचं डीएनएस स्वतःच्या सर्व्हरकडे फिरवा आणि पुढचे रीडायरेक्ट तिथे टाका. ब्लॉगस्पॉटवरचा ब्लॉग मात्र पुसू नका, पहिली उडी तोच देतो.

मराठी ब्लॉगरांची आणखी एक रड: देवनागरी शीर्षकावरून ब्लॉगरला स्लग बनवता येत नसे. म्हणून वर्ष, महिना आणि मग 'ब्लॉग-पोस्ट', 'ब्लॉग-पोस्ट_१५' असे पत्ते तयार झाले. त्यातून लेख कुठला हे कळायला मार्ग नाही, आणि शीर्षकावरून नियम बनवणंही अशक्य. ओळीला ओळ अशीच जोडणी करावी लागते. वर्डप्रेसचा ब्लॉगर इम्पोर्टर वापरला, तर तो प्रत्येक लेखाचा जुना पत्ता लेखासोबत मेटा माहितीत ठेवतो; तिथून यादी उपसा. मोबाइलवरून दिलेल्या दुव्यांच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि 'एम=१' असतं, ते नियमात सोडून द्यायला विसरू नका.

१०. पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे किंवा हॅशपुढे काहीतरी असतं. त्याचं काय?

हॅशपुढचा भाग सर्व्हरपर्यंत येतच नाही. त्यावर नियम करता येत नाही. नव्या पत्त्यात वेगळा हॅश दिला नसेल तर ब्राउझर जुनाच पुढे नेतो. प्रश्नचिन्हापुढचा भाग येतो, पण अपाचीचा साधा रीडायरेक्ट नियम तो जुळवताना बघत नाही. त्यामुळे वर्डप्रेसचे 'पी=१२३' छापाचे पत्ते साध्या नियमात सापडत नाहीत, त्यांना क्वेरी स्ट्रिंगची वेगळी अट लिहावी लागते. आणि हे आकडे नव्या साइटवर दुसऱ्याच लेखाचे असू शकतात, तेव्हा जुना १२३ नव्या १२३ कडे डोळे झाकून पाठवू नका.

११. नियम कुठे लिहू? प्लगइन बरं की फाइल?

शंभरेक ओळी असतील तर प्लगइन पुरे. संपादकालाही हाताळता येतं. हजारो असतील तर सर्व्हरवर. एचटीअॅक्सेस फाइल (साइटच्या फोल्डरमधली अपाचीच्या नियमांची फाइल) प्रत्येक मागणीला वाचली जाते, त्यात पाच हजार ओळी कोंबल्या की साइट धापा टाकते. अपाचीत 'रीराइटमॅप' आणि एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये 'मॅप' यासाठीच आहेत. मात्र रीराइटमॅप मुख्य कॉन्फिगरेशनमध्येच जाहीर करता येतो, एचटीअॅक्सेसमध्ये नाही, म्हणून शेअर्ड होस्टिंगवाल्यांची वाट बंद. नियमांचा क्रम नेमक्यापासून ढोबळाकडे ठेवा. 'लेख' फोल्डरचा सरसकट नियम वर बसला, तर खालच्या नेमक्या ओळींपर्यंत कुणी पोचत नाही.

१२. काही पानं नव्या साइटवर घेणारच नाही. त्यांना ४०४ राहू दे का?

चालेल, पण मुद्दाम काढली असतील तर ४१० द्या. 'सापडत नाही' आणि 'काढून टाकलंय' यात फरक आहे. ब्रिटिश सरकारने १७ ऑक्टोबर २०१२ रोजी डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंक या साइटच्या जागी गव्ह डॉट यूके आणली आणि पुढे शेकडो सरकारी साइट तिच्यात ओतल्या. त्यांचा दंडक होता की प्रत्येक जुन्या पत्त्याला एकतर ३०१ मिळेल किंवा ४१०. त्या ४१० च्या पानावर नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या जुन्या प्रतीचा दुवा असे. आपण सरकार नाही, पण ४१० च्या पानावर 'हा लेख आता इथे नाही, छापील अंक अमुक' एवढी ओळ लिहायला काय जातं?

१३. एकापुढे एक किती रीडायरेक्ट चालतात?

गुगलचा क्रॉलर (साइटवर फिरून पानं वाचणारा प्रोग्राम) १० उड्यांपर्यंत पाठलाग करतो. तेवढं ताणू नका. तीनपेक्षा जास्त दिसल्या की मी शीट उघडून जुन्या पत्त्यांना थेट शेवटच्या मुक्कामावर नेतो. साध्या एचटीटीपीवरून एचटीटीपीएस, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मग शेवटची तिरकी रेघ, मग नवा लेख, अशा चार उड्या नकळत साठतात.

१४. जुनं डोमेन किती वर्षं सांभाळायचं? आता तर कुणी येतही नाही.

गुगल रीडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवायला सांगतो. माझं उत्तर: डोमेन परवडतं तोवर. कुणी येत नाही असं वाटतं तेव्हा लॉग बघा. सोडलेलं डोमेन दुसरा कुणी घेतो आणि तुमच्या जुन्या दुव्यांवर त्याची दुकानदारी चालते. दांडग्यांचंही हे होतं: २०२० मध्ये ब्लॉगस्पॉट डॉट इन हे डोमेन गुगलच्याच हातून सुटलं होतं.

डोमेनसोबत दोन गोष्टी जिवंत ठेवाव्या लागतात. एक, त्याच्या मेलच्या नोंदी, नाहीतर वर्गणीदारांची पत्रं हवेत जातात. दुसरी, एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र. ब्राउझर आधी प्रमाणपत्र तपासतो, मग रीडायरेक्ट ऐकतो. प्रमाणपत्र संपलं की वाचकाला नवं पान नव्हे, लाल इशारा दिसतो. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची ९० दिवसांची प्रमाणपत्रं आपोआप नवी होतायत ना, ते जुन्या डोमेनसाठीही बघा.

१५. गुगलला वेगळं कळवावं लागतं का?

सर्च कॉन्सोलमध्ये 'पत्ता बदलला' कळवायचं टूल आहे. ते डोमेन किंवा सबडोमेन हलवताना चालतं, फोल्डरसाठी नाही. ते वापरा, पण खरं काम ३०१ च करतात. उलट एक चूक टाळा: जुनी साइट रोबॉट्स फाइलमध्ये (क्रॉलरने काय वाचू नये ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) बंद करू नका. क्रॉलरला आतच येऊ दिलं नाही, तर त्याला रीडायरेक्ट दिसणार कसा? चार साइट असतील तर एकेक आणा. सगळ्या एका रात्रीत आणल्या आणि वाचक घटले, तर कुठल्या साइटमुळे ते कधीच कळणार नाही.

१६. दिवाळी अंकात छापलेले क्यूआर कोड आहेत. ते तर बदलता येत नाहीत.

नाहीत, म्हणून यादीत त्यांचा नंबर पहिला. अंक रद्दीत गेला असं समजू नका, ग्रंथालयात तो अनेक वर्षं फिरतो. छापील प्रत काढून प्रत्येक कोड फोनने स्कॅन करा आणि येईल तो पत्ता शीटमध्ये घ्या; डीटीपीवाल्याने ऐन वेळी वेगळाच पत्ता घातलेला मी पाहिलाय. कोड एखाद्या दुवे आखूड करणाऱ्या सेवेतून काढला असेल, तर ते खातं कुणाच्या मेलवर आहे ते आजच शोधा. एका अंकाचं खातं नोकरी सोडून गेलेल्या उपसंपादकाच्या खासगी मेलवर निघालं. फोन केला तेव्हा पासवर्ड त्यालाही आठवत नव्हता.